वारा घाटाचा, विंग किती मीटरची?

नारायणगावहून खोडदकडे निघालं की टोमॅटोचे मांडव आणि द्राक्षबागा मागे पडतात आणि शेतांच्या वर तारेच्या जाळीची एक प्रचंड तबकडी दिसू लागते. मग दुसरी, तिसरी. जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या अशा ३० दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे एकेकीचं तोंड दीड हजार चौरस मीटरच्या वर. एवढं तोंड पत्र्याने मढवलं असतं तर वाऱ्याला तोंड द्यायला खालचा सांगाडा कितीतरी जड आणि महाग करावा लागला असता. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रा टाळला आणि बारीक पोलादी तारेची जाळी ताणली. रेडिओलहरींना ती आरशासारखी परतवते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. तरीही वारा मर्यादेबाहेर वाढला की तबकड्यांची तोंडं आकाशाकडे वळवून त्या थांबवून ठेवतात.

‘विंग किती मीटरची घेऊ?’ असं कोणी विचारलं की मला खोडद आठवतं. तिथे शास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे. वाऱ्यापुढे किती क्षेत्रफळ धरायचं, आणि वारा वाढला की ते कसं आवरायचं?

ज्यांनी विंग फॉइलिंग हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाण्यावर एक बोर्ड असतो. त्याच्या पोटाखाली पाऊण मीटर ते ९० सेंटीमीटर लांबीचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला छोट्या विमानासारखे पंख असतात, त्याला फॉइल म्हणतात. हातात हवा भरलेली विंग असते. ती बोर्डला कुठेही जोडलेली नसते, तुमच्या हातातच असते. वेग आला की पाण्याखालचे पंख बोर्डला उचलतात, बोर्ड पाणी सोडतो आणि मग पाण्याचा खळखळाट एकदम थांबतो. आजच्या रूपातली विंग बाजारात आली २०१९च्या सुमारास. अमेरिकी विंडसर्फर केन विनर यांनी केलेली विंग त्या पहिल्या काही विंगांपैकी एक होती. म्हणजे खेळ तरुण आहे, आणि त्यातली ‘पक्की’ म्हणून सांगितली जाणारी माहिती बहुतेक समुद्रकिनाऱ्यावर तयार झाली आहे. ती जशीच्या तशी डिंभे किंवा माणिकडोह धरणाच्या पाण्याला लावली की फसगत होते.

आधी मूळ गणित. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा २४ झाला तर विंगेवरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. १२चा १८ झाला तरी सव्वादोनपट. (नॉटचे किलोमीटर करायचे तर दुप्पट करून दहावा हिस्सा वजा करा. १५ नॉट म्हणजे ताशी साधारण २७-२८ किलोमीटर.) या हिशेबाने १८ नॉटला ५ चौरस मीटरची विंग पुरत असेल तर १२ नॉटला ११ मीटरची लागायला हवी. पण एवढी मोठी विंग कोणीच वापरत नाही. कारण एकदा बोर्ड वर उचलला गेला की पाण्याचं घर्षण जवळजवळ संपतं आणि तुमच्या स्वतःच्या वेगाचा वारा अंगावर येऊ लागतो. खरी अडचण असते ती वर उठण्यापुरती. ती ओलांडायला विंग पंख्यासारखी हलवावी लागते आणि पायांनी बोर्डला दाब देत राहावं लागतं. हे तंत्र जमणारा आणि न जमणारा यांच्यात एका मीटरचा फरक सहज पडतो. म्हणून दोघांची विंग एकच कधी नसते.

तरी सुरुवातीला हाताशी काही आकडे हवेत. तुमचं वजन ७५ किलोच्या आसपास आहे, बोर्डवर उभं राहणं जमलं आहे आणि फॉइलचा पुढचा पंख मध्यम ते मोठा आहे असं धरू. अशा माणसाला समुद्रावरच्या सरळ, एकसारख्या वाऱ्यात ११ ते १६ नॉटला सहाची, १४ ते २० नॉटला पाचची, १८ ते २६ नॉटला चारची आणि त्यापुढे तीनची विंग चालते. मध्ये मध्ये हे टप्पे एकमेकांवर चढतात, तेच बरं आहे, त्यामुळे वारा थोडा हलला तरी किनाऱ्यावर परत यावं लागत नाही. वजन कमी-जास्त असेल तर त्याच प्रमाणात विंग बदला. जिथे ७५ किलोवाल्याला पाचची लागते तिथे ६० किलोच्या मुलीला चारची पुरते आणि ९० किलोच्या गड्याला सहाची लागते. उंचीही विसरू नका. सहाची विंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरच्या आसपास भरते. गुडघ्यावर बसून सुरुवात करताना तिचं खालचं टोक सारखं पाण्यात अडकतं, आणि बुटक्या माणसाला त्याचा जास्त त्रास होतो.

आता हे आकडे घेऊन घाटमाथ्याकडे येऊ.

आपली धरणं समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहेत. इथली हवा समुद्रावरच्या हवेपेक्षा विरळ, त्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा ३८ला गेला की आणखी विरळ. हिशेब केला तर गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा इथल्या उन्हाळी दुपारच्या हवेचं वजन साधारण दहा टक्क्यांनी कमी भरतं. म्हणजे त्याच १५ नॉटमध्ये गोव्यातली पाचची विंग इथे साडेचारसारखी वागेल. वर पाणी गोडं. समुद्राच्या पाण्यापेक्षा ते अडीच टक्क्यांनी हलकं, म्हणून १०० लिटरचा बोर्ड इथे अडीच किलो कमी तोलतो आणि फॉइलही जरा कमी उचल देतं. या सगळ्याचा अर्थ सरळ दिसतो. इथे अर्ध्या मीटरने मोठी विंग घ्यावी.

माझा सल्ला मात्र उलटा आहे. इथे अर्ध्या मीटरने लहान घ्या.

कारण हवेच्या वजनापेक्षा हवेचा स्वभाव इथे जास्त महत्त्वाचा. समुद्रावर वारा शेकडो किलोमीटर सपाट पाण्यावरून येतो. १५ नॉट म्हणजे १३ ते १७, असं धरता येतं. सह्याद्रीत तोच वारा कड्यांवर आपटून, खिंडीतून पिळवटून, सुळक्यांभोवती वळसे घेत येतो. डोंगराच्या मागे हवेचे भोवरे पडतात आणि ते डोंगराच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत पोचतात. माणिकडोहचं पाणी हडसर आणि चावंड या किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात पसरलं आहे. वारा पश्चिमेचा असला तर नाणेघाटाकडून येणारं हे खोरं फुंकणीसारखं काम करतं आणि मधल्या पाण्यावर अंदाजापेक्षा जास्त वारा मिळतो. वारा जरा उत्तरेला किंवा दक्षिणेला कलला की तो डोंगर ओलांडून पाण्यावर कोसळतो. मग मिनिटभर ८ नॉट, पुढच्या मिनिटाला २२. सरासरी काढली तर १५. त्या १५वर विंग निवडलेल्या माणसाला ना आठमध्ये उठता येतं ना बावीसमध्ये उभं राहता येतं.

समुद्रावर विंग सरासरीवर निवडतात. डोंगराच्या पाण्यावर ती झोतावर निवडावी. पडलेल्या वाऱ्याची भरपाई विंगेने करायचीच नाही. ती बोर्डने आणि फॉइलने करायची. किलोतल्या वजनापेक्षा ३०-४० लिटर जास्त घनफळाचा बोर्ड असेल तर वारा पडल्यावर तुम्ही गुडघ्यावर बसून तरंगत राहता. १,८०० ते २,००० चौरस सेंटीमीटरचा पुढचा पंख असेल तर थोड्या वेगातही बोर्ड उचलला जातो आणि दोन झोतांमधली पोकळी तो तरंगत पार करतो. मोठा बोर्ड आणि मोठं फॉइल झोत आला म्हणून अचानक तुम्हाला ओढत नाहीत. मोठी विंग ओढते. दुकानदार हे सांगत नाही, कारण बोर्ड आणि फॉइल एकदा घेतलं की झालं, विंगा मात्र तीन-चार विकता येतात. (हा टोमणा सगळ्या दुकानदारांना नाही.)

मी शिकताना नेमकी हीच चूक केली होती, तीही समुद्रावर, जिथे ती माफ होते. सकाळी वारा मंद होता म्हणून सहाची घेऊन उतरलो. तासाभराने वारा सुटला. विंग वरच्या हँडलला एका हाताने धरून फडफडू दिली की ती ओढत नाही, हे शिकवलेलं आठवत होतं. पण सहाची विंग २०-२२ नॉटमध्ये नुसती फडफडत नाही. ती डोक्यावर थडथडत, हिसके देत राहते, एकदा पाण्यावर उताणी पडली की उलटवता उलटवता दंड भरून येतात. अर्धा किलोमीटर पोहून परत आलो. खाली वाळूचा किनारा होता म्हणून निभावलं.

आपल्याकडे खाली वाळू नसते, आणि याच कारणाने मी विंग लहान घ्या म्हणतो. आपल्या नद्या घाटमाथ्यावरून पूर्वेला वाहतात. कुकडी, मीना, घोड, सगळ्याच. म्हणजे धरणाची भिंत पूर्वेला आणि फुगवट्याचं पाणी पश्चिमेला. आपला मुख्य वारा पश्चिमेचा. हात सुटला, विंग फाटली, दोर तुटला, ताकद संपली, काहीही झालं तरी वारा तुम्हाला नेतो भिंतीकडे, सांडव्याकडे. नकाशा उघडून डिंभ्याचं किंवा माणिकडोहचं पाणी पाहा आणि बोटाने पश्चिमेकडून पूर्वेकडे रेघ ओढा, लगेच कळेल. विंग लहान निघाली तर तुम्ही बसून राहाल, पोहाल, लाजाल. मोठी निघाली तर भिंतीच्या दिशेने वेगात जाल. या दोन चुका सारख्या नाहीत.

यातून एक कटकटीची निवड उभी राहते. कड्यांच्या पायथ्याशी, पश्चिमेच्या टोकाला वारा तुटक, पण भिंत लांब. भिंतीजवळच्या रुंद पाण्यावर वारा बराच सरळ, पण धोका जवळ. मध्यावर, दोन्ही काठ पोहून गाठता येतील अशा ठिकाणी उतरावं. वाऱ्याला आडवं जायचं आणि आडवंच परत यायचं, वाऱ्याच्या दिशेने कधी मोकाट सुटायचं नाही. भिंतीच्या आणि सांडव्याच्या जवळपास फिरकायचंच नाही.

पिंपळगाव जोगेचं पाणी, कल्याण-नगर रस्त्याने माळशेजकडे जाताना उजव्या हाताला दिसणारं, या सगळ्यांत जास्त मोकळं वाटतं. पण वायव्येला हरिश्चंद्रगडाची रांग उभी आहे, वारा तिकडून असला तर मोकळेपणाचा उपयोग नाही. येडगाव घाटापासून लांब, सपाटीला आहे. तिथे वारा त्या मानाने एकसारखा, पण पाणी लहान आणि काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, वायरी. ९० सेंटीमीटरचं फॉइल पाइपात अडकलं तर तुम्ही पुढे फेकले जाताच, शिवाय कुणाच्या तरी उसाचं पाणी बंद पडतं.

ऋतूप्रमाणे विंग कशी बदलायची? नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी पाणी आरशासारखं असतं, दिवसाही वारा बेताचाच. सात मीटरची विंग घेऊन वाट पाहत बसणारे असतात. मी त्या दिवसांत शिवनेरी चढतो. फेब्रुवारीपासून रंग बदलतो. दुपारी जमीन तापते, खोऱ्यातून दरीय वारे वर चढू लागतात आणि एक-दोन वाजता पाण्यावर तुटक, दिशा बदलणारे झोत येतात. मोह होतो, पण हा वारा टाळावा. मार्च-एप्रिल-मेमध्ये चार-साडेचारनंतर बरेचदा दुसरा वारा येतो. शाळेच्या भूगोलात वाचलेला खारा वारा कोकणातून घाट चढून वर पोचतो. पुण्याला उन्हाळ्यात संध्याकाळी जी गार झुळूक लागते तीच ही. तो दुपारच्या वाऱ्यापेक्षा गार आणि एकसारखा असतो. ७५ किलोच्या माणसाने त्यासाठी पाचची विंग फुगवून ठेवावी आणि साडेचारची किंवा चारची शेजारी गुंडाळून ठेवावी. सहाची गाडीतच राहू द्या.

मात्र याच महिन्यांत धरणं उतरत असतात. उन्हाळी आवर्तन सुटलं की आठवड्याभरात काठ कितीतरी मागे सरकतो. गेल्या खेपेला ज्या पाण्यात निवांत फिरलात तिथे आता शेताचे जुने बांध, झाडांचे बुंधे, घरांचे चौथरे फॉइलच्या उंचीला आलेले असतात. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळचं आंबेगावच आहे. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव धरणात गेलं आणि कचेऱ्या आहेत घोडेगावला. साडेबारा टीएमसी उपयुक्त साठ्याचं हे धरण उतरतं तेव्हा पाण्याचा नकाशाच बदलतो. म्हणून दर खेपेला आधी काठाने चालत पाहणी, मगच विंगेला पंप.

एप्रिल-मेमधला वळीव हा वेगळाच विषय आहे. पश्चिमेला किंवा पूर्वेला काळा ढग उभा राहिला, वारा एकाएकी पडला, धुळीचा वास आला की पाण्याबाहेर या. ढगाच्या पोटातून खाली आलेली गार हवा जमिनीवर पसरत येते आणि १० नॉटचा वारा पाच मिनिटांत ३५-४०वर जाऊ शकतो, वर विजा. त्या वाऱ्याला कुठल्याच मापाची विंग बरोबर नाही.

आणि पावसाळा. जुलैत नाणेघाटात उभं राहिलं की दरीत पडणारं पाणी वारा उलटं वर फेकताना दिसतं. सातवाहनांच्या काळापासून व्यापारी ज्या वाटेने चढले त्याच वाटेने हा वारा चढतो. भीमाशंकरच्या बाजूला खेड तालुक्यातल्या माथ्यांवर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. एवढा वारा पाहून हात शिवशिवतात, पण जून ते ऑगस्ट धरणात उतरू नका. पाणी गढूळ, त्यात वाहून आलेले ओंडके, धुक्यात काठ दिसत नाही, आणि भिंतीकडे वाहून जाण्याबद्दल वर सांगितलं ते सगळं इथे दुप्पट खरं, कारण दरवाजे कधीही उघडतात. सप्टेंबरमध्ये पावसाला खंड पडतो तेव्हा धरणं भरलेली, पाणी खोल आणि वारा अजून शिल्लक असतो. ७५ किलोवाल्याला तेव्हा चारची विंग बहुतेक वेळा बस होते. ऑक्टोबर आला की वारा गेला.

मोबाइलवरच्या अंदाजाचं काय? तो बघाच, पण त्याची नजर किती बारीक आहे ते ओळखून. जागतिक अंदाज देणारी चांगल्यातली चांगली प्रारूपंसुद्धा जमिनीचे ९ किलोमीटरच्या आसपासचे चौकोन पाडून हिशेब करतात. डिंभ्याचं खोरं, त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर आणि पलीकडचं पठार हे सगळं एक-दोन चौकोनांत संपतं. वारा कुठून आणि ढोबळ किती, एवढं त्यावरून घ्यावं. झोताचा आकडा वेगळा दिलेला असेल तर विंग त्यावर ठरवावी. पाण्यावरचा खरा आकडा मिळतो हातात धरायच्या छोट्या वारामापकावर, तोही पाण्याच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर, दहा मिनिटं धरून. त्या दहा मिनिटांत दिसलेला सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवा, सरासरी विसरा.

वारामापक नसेल तर डोळे आहेत. आपल्या आजोबांनी खळ्यावर धान्य उपणताना याच डोळ्यांनी वारा मोजला होता. सुपातून दाणा सरळ खाली आणि भुसा दोन हात लांब पडेल असा वारा आला की हात चालायचे, झोताने दाणाही उडू लागला की थांबायचे. जगभरचे खलाशी ज्या ब्यूफोर्ट मापाने वारा सांगतात त्यात हाच प्रकार आहे. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात, तेव्हा वारा ११ ते १६ नॉट. पानांनी भरलेली छोटी झाडं झुलू लागली की १७ ते २१. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शीळ घालतात, छत्री सावरत नाही, तेव्हा २२च्या पुढे. पाण्यावर इकडेतिकडे पांढरी फेसाळ टोपी दिसू लागली तर १० नॉटच्या आसपास, सगळीकडे दिसली तर १७-१८. धरणाचं पाणी अरुंद असल्याने वाऱ्याच्या अंगाच्या काठाशी लाटा उठायला जागाच नसते, तिथे पाणी शांत दिसलं तरी फसू नका, समोरच्या काठाकडे पाहा. झोत येताना पाण्यावर गडद पट्टा सरकत येतो. असे पट्टे एकामागून एक, मध्ये चकचकीत पाणी, असं चित्र असेल तर वारा तुटक आहे. विंग आणखी एका मापाने खाली आणा.

विंग फुगवून झाल्यावर, पाण्यात पाय टाकण्याआधी काठावर दोन मिनिटं उभं राहा. पुढचा हात हँडलवर, विंग डोक्यावर फडफडती. मग मागच्या हाताने ओढून ती वाऱ्यात भरा. झोतात पाय घसरत पुढे गेले तर विंग मोठी आहे. वाद घालू नका, बदला. पाण्यावरही खुणा स्पष्ट असतात. दोन्ही हात सरळ ताणलेले, मागचा हात ओढायची हिंमत होत नाही, वाऱ्याच्या अंगाला चढता येत नाही, तर मोठी. चार-पाच वेळा जोर लावूनही, झोतातसुद्धा बोर्ड पाणी सोडत नसेल तर लहान. फक्त पडलेल्या वाऱ्यात उठत नसेल तर विंग लहान नाही, तुमचा धीर लहान आहे.

हवा भरताना कंजुषी नको. पुढच्या नळीवर उत्पादकाने छापलेला दाब, बहुतेक ७-८ पीएसआय, पूर्ण भरा. अर्धवट भरलेली विंग झोतात मध्येच दुमडते. आणि भरून झाल्यावर उन्हात टाकून जेवायला जाऊ नका. आपल्या उन्हात आतली हवा तापून दाब दीड-दोन पीएसआय सहज वाढतो आणि शिवण उसवते. झाडाच्या सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा.

पहिली खरेदी करायची असेल तर ७५ किलोच्या माणसाने पाचची घ्यावी, दुसरी चारची. इथल्याच पाण्याचा विचार असेल तर सहाची आणि सातची कधीच गरज पडणार नाही. वजनाने हलक्यांनी याच प्रमाणात खाली या. दोन विंगांमध्ये एका मीटरचं अंतर ठेवा, अर्ध्या मीटरचं अंतर ठेवलं तर फक्त पैसे जातात. जुनी विंग घेत असाल तर ती पूर्ण फुगवून अर्धा तास ठेवायला सांगा आणि पुढच्या नळीला कान लावा.

शिकायला मात्र इथे येऊ नका. पहिले आठ-दहा दिवस समुद्रावर, शिकवणाऱ्यासोबत आणि सुटका-बोटीसोबत घालवावेत. गोव्यात मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर किंवा रामेश्वरमच्या पट्ट्यात वाऱ्याचे खेळ चालतात, तिथे वारा सरळ आणि खाली वाळू. बोर्ड वर उचलून दोन्ही बाजूंना जाणं-येणं जमलं, पडून पुन्हा उठणं जमलं, विंगेशिवाय बोर्डवर पोटावर झोपून हाताने वल्हवत काठ गाठणं जमलं, की मग डोंगरातल्या पाण्याचा विचार.

आणि विचार करताना आधी परवानगीचा. ही धरणं जलसंपदा विभागाची आहेत, त्यांतून पिण्याचं आणि शेतीचं पाणी जातं. संबंधित शाखा कार्यालयात लेखी परवानगी मागावी, भीमाशंकर अभयारण्याच्या बाजूला वन विभागालाही विचारावं. नाही म्हणाले तर नाही. जुन्नर २०१८मध्ये पर्यटन तालुका झाला, पण त्याने पाणी सगळ्यांना मोकळं झालेलं नाही.

दुसरी भेट मच्छीमारांची. डिंभे धरणाने ज्यांची जमीन गेली त्या आदिवासी कुटुंबांनी या पाण्यावर मासेमारीचा हक्क मिळवायला वर्षानुवर्षं झगडा दिला. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने त्यांच्यासोबत सहकारी संस्था उभी करायला मदत केली, आणि २०१२मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यांची जाळी पाण्याच्या वरच्या थरात लावलेली असतात, वर छोटे तरंगणारे तुकडे. विंग फॉइलिंग करणाऱ्याचं लक्ष डोक्यावरच्या विंगेकडे असतं आणि खालचं फॉइल सुरीसारखं धारदार. एक जाळं फाटलं की एका घराचा आठवडा गेला. कुठे जाळी आहेत, कुठे नाहीत, कोणत्या वेळी काढतात, हे आदल्या दिवशी काठावर जाऊन विचारून घ्या. पाणी कुठे उथळ झालंय आणि वारा कुठून फिरतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. मी कुठल्याही पाण्यावर जायच्या आधी एवढं एक करतो, आणि अनेकदा त्यानंतर विंगेचं माप बदलतो.

बचाव जाकीट आणि हेल्मेट घाला, बोर्डचा दोर पायाला आणि विंगेचा दोर मनगटाला बांधा. काठावर एक माणूस ठेवा ज्याला तुम्ही किती वाजता परत येणार हे माहीत आहे आणि कोणाला फोन करायचा हेही. सूर्य डोंगरामागे जाण्याच्या अर्धा तास आधी बाहेर या. खारा वारा बऱ्याचदा त्याच वेळी एकदम पडतो आणि तुम्ही पाण्याच्या मधोमध तरंगत राहता. दुसरं असं की जुन्नर वन विभागाने माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं केलं ते या भागात बिबटे आहेत म्हणूनच. अंधारात उसाच्या कडेने ओली विंग खांद्यावर घेऊन एकट्याने गाडीकडे जाऊ नका. विंगेची हवा काठावरच सोडा, ती नीट गुंडाळा, बॅटरी पेटवा आणि मोठ्याने बोलत चाला.